वृद्ध श्रोत्यांसाठी ट्रंपेटवादन

वृद्धाश्रम, शुश्रूषागृहे, दीर्घ मुदतीची रुग्णालये, ज्येष्ठ नागरिकांची केंद्रे अशा ठिकाणी मुख्यतः वयोवृद्ध श्रोत्यांपुढे एकट्या ट्रंपेटवादकाने केलेले वादन. त्यास वाद्यवृंदाची जोड नसते. साथ असलीच, तर एखाद्या पियानो वा गिटारवादकाची किंवा ध्वनिमुद्रित असते. संगीतसभेतील एकलवादनाचीच ही एक शाखा असली, तरी श्रोत्यांची श्रवणशक्ती, त्यांची स्मृती आणि वादनाची जागा यांमुळे तिचे तंत्र पुष्कळसे निराळे झाले आहे. हा प्रकार अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा व ब्रिटन या देशांत विशेष रुजलेला आहे. ट्रंपेट हे मुळात उघड्या मैदानावर दूरवर ऐकू जावे म्हणून घडलेले वाद्य. वीस-पंचवीस वृद्ध माणसे बसलेल्या, ठेंगण्या छताच्या खोलीत ते वाजवावयाचे, म्हणजे त्याच्या स्वभावाविरुद्ध वाजवावे लागते. या कलेतील बहुतेक प्रश्न या एका विसंगतीतून उद्भवतात.

ओठांच्या कंपनाने वाजणाऱ्या सुषिर वाद्यांत ट्रंपेट मोडते. आपल्याकडील तुतारी, कर्णा व शिंग ही वाद्येही याच वर्गातील होत. ईजिप्तच्या तूतांखामेन या राजाचे थडगे १९२२ मध्ये सापडले, त्यात असे दोन ट्रंपेट होते. त्यांचे वादन १९३९ मध्ये ब्रिटिश नभोवाणीने प्रक्षेपित केले होते. प्राचीन काळापासून सैन्याला इशारे देणे आणि राजाच्या आगमनाची वर्दी देणे ही या वाद्याची प्रमुख कामे. नळीला झडपा वा कळा नसल्याने त्यातून केवळ संनादी स्वर निघत व सलग स्वरावली फक्त वरच्या सप्तकात मिळे. व्हिएन्नाचा वादक आंटोन वाइडिंगर याने कळांचे ट्रंपेट प्रचारात आणण्याचा प्रयत्न केला. त्याच्यासाठी योझेफ हायडन याने १७९६ मध्ये रचलेला कंचर्टो हा आजही एकलवादकाच्या कसोटीचा मानला जातो. पुढे हाइन्रिख श्ट्योल्त्सेल व फ्रीड्रिख ब्ल्यूमेल यांना १८१८ मध्ये प्रशियात झडपेचे एकस्व मिळाले आणि खालच्या सप्तकातही सर्व स्वर सुलभ झाले. आजच्या नेहमीच्या ‘बी फ्लॅट’ ट्रंपेटची नळी सु. १.४८ मी. लांब असते. तीन झडपांपैकी पहिली दाबली असता स्वर पूर्ण स्वराने, दुसरी दाबली असता अर्ध्या स्वराने व तिसरी दाबली असता दीड स्वराने उतरतो.

या वाद्याचा एक ध्वनिविशेष येथे ध्यानात घ्यावयास हवा. ट्रंपेट हळू वाजविले असता मूलस्वर व खालचे संनादी प्रबळ असतात आणि नाद गोलसर वाटतो. फुंकीचा जोर वाढविला की वरचे संनादी त्याहून अधिक वेगाने वाढतात. नादाला धार येते व तो झळाळतो. म्हणजे जोर वाढतो तेव्हा आवाज केवळ मोठा होत नाही, त्याची जात बदलते. शिवाय उच्च कंप्रतेचे घटक वाद्याच्या तोंडातून सरळ रेषेत पुढे जातात. त्यामुळे समोर बसलेल्याला जो नाद टोचतो, तोच बाजूला बसलेल्याला मऊ वाटतो. संभाषणाची ध्वनिपातळी ६० डेसिबलच्या आसपास असते. बंद खोलीत जोराने वाजविलेल्या ट्रंपेटची पातळी त्याच्याजवळ १०० डेसिबलच्याही वर जाऊ शकते.

वार्धक्यजन्य श्रवणऱ्हास : वयाच्या साठीनंतर श्रवणशक्तीचा ऱ्हास फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अनुमानानुसार साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी चतुर्थांशाहून अधिक लोकांना व्यवहारात अडचण येण्याइतपत बहिरेपण असते. हा ऱ्हास प्रथम उच्च कंप्रतांपासून, म्हणजे सामान्यतः २,००० ते ४,००० हर्ट्झच्या वरून सुरू होतो व हळूहळू खाली सरकतो. स, श, फ, त यांसारख्या व्यंजनांची ओळख याच पट्ट्यातील ध्वनींवर अवलंबून असते. म्हणून वृद्ध माणसास बोलणे ‘ऐकू येते, पण कळत नाही’.

बहिरेपण म्हणजे सर्व ध्वनी सारखेच मंद ऐकू येणे, ही समजूत चुकीची आहे. आंतरकर्णातील केशकोशिका निकामी झाल्या म्हणजे हळू आवाज मुळीच ऐकू येत नाहीत. परंतु मोठे आवाज निरोगी कानाइतकेच, क्वचित अधिकच, मोठे वाटतात. ऐकू येऊ लागण्याची पातळी वर सरकते आणि असह्य होण्याची पातळी मात्र जागच्या जागी राहते. त्या दोहोंमधील अंतर आक्रसते. श्रवणवैद्यकात या लक्षणास ‘रिक्रूटमेंट’ म्हणतात. ‘जरा मोठ्याने बोल’ म्हणणारे आजोबा पुढच्याच वाक्याला ‘ओरडतोस कशाला’ म्हणून रागावतात, हा घरोघरचा अनुभव याच लक्षणाचा होय. त्यात लहरीपणा नसतो. श्रोते बहिरे आहेत म्हणून जोराने वाजवावे, असा नवख्या वादकाचा स्वाभाविक तर्क असतो. तो येथे नेमका उलटा पडतो. पियानो वा गिटारच्या बाबतीत ही चूक निभावून जाते. ट्रंपेटच्या बाबतीत पहिल्या दोन ओळींतच श्रोते कानांवर हात नेतात.

वस्तुतः जोराची गरजही नसते. ट्रंपेटच्या नेहमीच्या स्वरांच्या मूल कंप्रता सु. १६५ ते ९३० हर्ट्झ यांच्या दरम्यान पडतात आणि या पट्ट्यात वृद्ध कानही पुष्कळ अंशी शाबूत असतो. व्हायोलिनच्या वरच्या तारेवरील बारकावे किंवा गायकाच्या तोंडचे शब्द ज्याला उमगत नाहीत, त्याला मध्य सप्तकात हळू वाजविलेले ट्रंपेट स्पष्ट ऐकू येते. वृद्धांसाठी हे वाद्य अयोग्य आहे, असे शुश्रूषागृहांच्या व्यवस्थापकांना कधीकधी वाटते व ते बासरी वा हार्प यांना पसंती देतात. ही भीती वाद्याच्या लौकिकावर आधारलेली आहे. हळुवार आणि तरीही भरीव स्वर काढणे हे ट्रंपेटवादनातील अत्यंत अवघड अंग असल्याने तिला थोडा आधारही आहे. ओठ शिथिल न होऊ देता फुंक कमी करावी लागते. किंचितही ढिलाई झाली की स्वर फाटतो किंवा निघतच नाही. उंच स्वरांची आतषबाजी करणाऱ्या वादकापेक्षा मंद लयीची चाल शेवटपर्यंत एकसारख्या नादात नेणारा वादक येथे अधिक उपयोगी पडतो.

श्रवणयंत्रांमुळे आणखी एक गुंतागुंत उद्भवते. ही यंत्रे मुख्यतः मानवी बोलणे सुगम व्हावे या हेतूने बनविलेली असतात. संगीतातील शिखर-पातळ्या बोलण्याहून कितीतरी वर जातात. अशा वेळी यंत्राच्या आतच ध्वनी विकृत होतो व मग तो कमी करूनही सुधारत नाही. यंत्रातील शीळ रोखणारी योजना कधीकधी वाद्याचा दीर्घ, स्थिर स्वर हीच शीळ समजून त्याला दाबू पाहते; त्यामुळे स्वर थरथरल्यासारखा ऐकू येतो. काही नव्या यंत्रांत संगीतासाठी वेगळी योजना असते, पण ती चालू करून देणारे कोणी जवळ असावे लागते. वादकाने लांब स्वर फार ताणून न धरता तो किंचित फुगवून सोडावा, असा संकेत यातूनच रूढ झाला आहे.

वादनाच्या सोयी : वादकाने श्रोत्यांकडे थेट तोंड करून न वाजविता वाद्य थोडे तिरके, भिंतीच्या कोपऱ्याकडे किंवा जाड पडद्याकडे रोखणे, हा सर्वांत सोपा उपाय होय. उच्च संनादी त्यामुळे परावर्तनात विरतात. वाद्याच्या तोंडात घालावयाचे ‘म्यूट’ अनेक प्रकारचे असतात. मात्र त्यांची निवड केवळ आवाज कमी होण्यावरून केल्यास फसगत होते. सरळ शंकूच्या आकाराचे म्यूट खालचे संनादी अडविते आणि वरचे जाऊ देते. परिणामी वृद्ध कानाला जे ऐकू येत नाही व जे ऐकू आल्यास टोचते, नेमके तेवढेच उरते. वाटीच्या आकाराचे म्यूट वरचे संनादी कमी करते, तर बादलीसारखे, आत कापूस वा फेस भरलेले म्यूट सर्वांत मृदू नाद देते. माइल्स डेव्हिस (१९२६–९१) याने लोकप्रिय केलेल्या ‘हार्मन’ म्यूटचा कुजबुजता नाद ध्वनिक्षेपकाजवळ मोहक वाटतो. ध्वनिक्षेपकाविना तो मागच्या रांगेतील वृद्धापर्यंत पोहोचत नाही. अनेक वादक म्यूटऐवजी फ्ल्यूगलहॉर्न हे शंक्वाकार नळीचे, भारदस्त नादाचे भावंड-वाद्य बरोबर बाळगतात. बोटांची ठेवण तीच असल्याने वादकाला वेगळे शिक्षण घ्यावे लागत नाही.

दोन रचनांच्या मध्ये बोलणे हा या कार्यक्रमाचा गौण भाग नव्हे. बोलताना वादकाचा चेहरा उजेडात व श्रोत्यांकडे असावा, कारण पुष्कळसे वृद्ध ओठांच्या हालचालींवरून शब्द जुळवितात. वाद्य तोंडाशी धरून किंवा साथीची ध्वनिफीत चालू ठेवून बोलल्यास काहीच कळत नाही. ध्वनिमुद्रित साथीची पातळी ट्रंपेटहून बरीच खाली ठेवावी लागते. दोन ध्वनींतून एक वेगळा काढणे ही शक्ती श्रवणऱ्हासात लवकर क्षीण होते. म्हणून साथ जितकी दाट, तितकी मुख्य चाल हरवते. याच कारणास्तव काही जाणकार वादक साथ अजिबात टाळतात. ट्रंपेटवर एका वेळी एकच स्वर निघत असल्याने अशा वादनात स्वरसंवाद सूचित करण्याची जबाबदारी चालीवर पडते व दुबळी चाल लगेच उघडी पडते.

शारीरिक श्रमाचा भागही येथे वेगळा आहे. वाद्यवृंदातील ट्रंपेटवादक बराच वेळ विराम मोजण्यात घालवितो. एकट्याने पाऊण तास वाजविणाऱ्याला तशी विश्रांती नसते. माउथपीसच्या दाबाने ओठांतील रक्ताभिसरण कमी होते व ओठांचा स्नायू थकला की स्वर वर जाण्याचे नाकारतो. जितका वेळ वाजवावे तितकाच वेळ थांबावे, हा शिक्षकांनी घालून दिलेला जुना नियम येथे गप्पा, गीतांच्या हकिकती आणि श्रोत्यांच्या फर्माइशी यांच्या साहाय्याने पाळला जातो. श्रोत्यांचाही दम त्याच सुमारास संपत असल्याने कार्यक्रम सहसा तासापलीकडे जात नाही. वादक स्वतः वृद्ध असल्याचीही उदाहरणे कमी नाहीत. जॅझवादक डॉक चीटम (१९०५–९७) हा एकलवादक म्हणून उतारवयातच खऱ्या अर्थाने पुढे आला व नव्वदी ओलांडल्यावरही न्यूयॉर्कमध्ये वाजवीत होता. शिकागो सिंफनी वाद्यवृंदात १९४८ पासून प्रमुख ट्रंपेटवादक असलेला अ‍ॅडॉल्फ हर्सेथ २००१ मध्ये निवृत्त झाला, तेव्हा ऐंशीच्या घरात होता.

रचनांची निवड : एकल ट्रंपेटच्या लोकप्रियतेची परंपरा एकोणिसाव्या शतकातील कॉर्नेटवादकांपासून सुरू होते. फ्रेंच वादक झां-बातीस्त आर्बां (१८२५–८९) याचा १८६४ मधील शिक्षणग्रंथ आजही वापरात आहे. अमेरिकेत जॉन फिलिप सूझा याच्या पथकातील हर्बर्ट क्लार्क (१८६७–१९४५) याने उद्यानांतील श्रोत्यांना कॉर्नेटची गोडी लावली. लूइस आर्मस्ट्राँग (१९०१–७१) याने १९२८ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ‘वेस्ट एंड ब्लूज’चा प्रारंभ साथीविना एकट्या ट्रंपेटने होतो. एकट्या ट्रंपेटवादकाकडे काय सामर्थ्य असू शकते, हे त्या काही क्षणांत जॅझच्या श्रोत्यांना उमगले. हॅरी जेम्स (१९१६–८३) याने १९४१ मध्ये ‘यू मेड मी लव्ह यू’ या गीताची चाल ट्रंपेटवर अतिशय भावपूर्ण वाजविली. समीक्षकांनी तिच्या गोडव्याला नाके मुरडली, तरी युद्धकाळातील तरुण पिढीने ती उचलून धरली. पुढे अर्धशतकानंतर वृद्धाश्रमांतून हीच पिढी श्रोता म्हणून बसली होती.

माणसाला आयुष्यभर प्रिय वाटणारे संगीत बहुधा त्याच्या तारुण्यातील असते. मॉरिस होलब्रुक व रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत गीतांबद्दलची पसंती श्रोत्याच्या वयाच्या सु. चोविसाव्या वर्षी लोकप्रिय असलेल्या गीतांभोवती सर्वाधिक आढळली. आत्मचरित्रात्मक स्मृतींच्या अभ्यासातही वयाच्या दहा ते तीस वर्षांतील आठवणी वृद्धपणी अधिक संख्येने येतात, असे दिसून आले आहे. वादकाला यातून एक साधे गणित मिळते : श्रोत्याच्या जन्मवर्षात वीस-पंचवीस मिळवावे व त्या काळची गीते निवडावीत. गणित सोपे असूनही ते वारंवार चुकते. वृद्ध म्हटले की १९४० च्या आसपासचे नृत्यसंगीत, असा ठोकळा एकदा बनला तो बदललाच नाही. १९४२ मध्ये जन्मलेल्या व्यक्तीने २०२२ मध्ये ऐंशी वर्षे पूर्ण केली. ती वीस वर्षांची असताना हर्ब अ‍ॅल्पर्ट (जन्म १९३५) याची ‘द लोनली बुल’ ही रचना नुकतीच गाजत होती आणि पंचवीस वर्षांची असताना बीटल्सचे ‘पेनी लेन’ (१९६७) आले. त्या गीतातील लहान ‘पिकोलो’ ट्रंपेटचे वादन डेव्हिड मेसन (१९२६–२०११) याने केले होते. अशा श्रोत्यापुढे त्याच्या आईवडिलांची गाणी वाजविणे म्हणजे त्याचे वय न विचारता त्याला म्हातारा ठरविणे होय. उलट आर्मस्ट्राँगचे ‘हॅलो, डॉली!’ पिढ्यांचे हे अंतर सांधते. १९६४ मध्ये त्या ध्वनिमुद्रणाने अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत बीटल्सना मागे टाकून पहिले स्थान मिळविले, तेव्हा आर्मस्ट्राँग बासष्ट वर्षांचा होता.

श्रोत्यांनी बरोबर गावे अशी अपेक्षा असल्यास स्वरपट्टीचाही विचार करावा लागतो. वाढत्या वयात स्त्रियांचा आवाज सामान्यतः खाली उतरतो व एकंदर आवाजाचा पल्ला आखूड होतो. ट्रंपेटला जी पट्टी चमकदार वाटते, ती या आवाजांना बहुधा उंच पडते. वादकाने चाल आपल्या वाद्याच्या खालच्या अर्ध्या भागात उतरवून घेतली, तर खोलीतील निम्मेअधिक लोक गुणगुणू लागतात.

वाद्याचा लष्करी भूतकाळ येथे अनपेक्षितपणे पुढे येतो. ‘टॅप्स’ ही चोवीस स्वरांची बिगुलची धून १८६२ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात जनरल डॅनियल बटरफील्ड याच्या तळावर सिद्ध झाली आणि पुढे ती लष्करी अंत्यविधीची धून बनली. ब्रिटिश परंपरेत हेच स्थान ‘लास्ट पोस्ट’ला आहे. बेल्जियममधील ईप्र येथील मेनिन गेट या स्मारकापाशी ती १९२८ पासून रोज संध्याकाळी वाजविली जाते. १९४० ते १९४४ या काळातील जर्मन व्यापामुळे तेवढा खंड पडला. माजी सैनिकांच्या निवासांत या धुनींची मागणी हमखास होते व त्या ऐकताना चाकाच्या खुर्चीतील माणसेही ताठ बसतात. मात्र ज्या घरात आठवड्यापूर्वी एखाद्या सोबत्याचे निधन झाले असेल, तेथे न विचारता ही धून वाजविणे अत्यंत अनुचित ठरते. अनुभवी वादक खोलीत शिरण्यापूर्वी परिचारिकेकडे याची चौकशी करतात.

स्मृतिभ्रंश व संगीत : अल्झायमर व्याधीत इतर आठवणी पुसल्या गेल्यावरही फार पूर्वीपासून परिचित असलेल्या चाली ओळखण्याची शक्ती कित्येकदा टिकून राहते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, परिचित संगीताच्या स्मृतीशी निगडित असलेले मेंदूचे भाग या व्याधीत तुलनेने उशिरा बाधित होतात, असे आढळले. कित्येक दिवस न बोललेली व्यक्ती गीताचे सर्व शब्द म्हणू लागते, असे प्रसंग काळजीवाहक वरचेवर सांगतात. तथापि यावरून संगीताने स्मृतिभ्रंश बरा होतो, असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. उपलब्ध प्रयोगांचा २०१८ मध्ये एकत्र आढावा घेण्यात आला. त्यानुसार संगीतावर आधारित उपचारांनी खिन्नतेची लक्षणे कमी होण्याचा संभव आहे. बौद्धिक क्षमतेवर मात्र त्यांचा परिणाम अल्प किंवा शून्य दिसतो. शिवाय हे प्रयोग प्रशिक्षित उपचारकांनी घेतलेल्या सत्रांवर आधारलेले आहेत. ट्रंपेटवादक हा उपचारक नव्हे आणि त्याने तसा आव आणू नये. स्मृतिभ्रंश झालेल्या श्रोत्यांपुढे अनपेक्षित, मोठा पहिला स्वर ही विशेष टाळावयाची गोष्ट होय. ज्याला आवाज कोठून आला हे कळत नाही, त्याच्या ठिकाणी तो संगीत न ठरता भय उत्पन्न करतो. म्हणून वाद्य आधी दाखवून, दोन शब्द बोलून, खालच्या पट्टीत आरंभ करण्याची रीत आहे. टाळ्या न पडणे, मध्येच कोणी उठून जाणे, कोणी झोपी जाणे यांना अपयश मानले जात नाही.

संस्थात्मक आधार : वृद्धांपर्यंत प्रत्यक्ष वादन पोहोचविण्याची व्यवस्था अमेरिकेत एका मोठ्या कामगार-तंट्यातून निर्माण झाली, ही गोष्ट फारशी ज्ञात नाही. ध्वनिमुद्रिका व नभोवाणी यांमुळे वादकांचे रोजगार बुडू लागले, तेव्हा जेम्स पेट्रिलो याच्या नेतृत्वाखाली अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स या संघटनेने १९४२ मध्ये ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. १९४४ मध्ये शेवटच्या मोठ्या कंपन्या नमल्या. विकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रिकांमागे ठराविक रक्कम वादकांच्या निधीत जमा करण्याचे त्यांनी मान्य केले. अशा निधीवर संघटनेचे नियंत्रण असण्यास १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने प्रतिबंध केला. १९४८ मध्ये पुन्हा बहिष्कार झाला व त्याच्या अखेरीस स्वतंत्र विश्वस्ताच्या हाती असलेला म्युझिक परफॉर्मन्स ट्रस्ट फंड हा निधी स्थापन झाला. त्यातून शाळा, उद्याने, रुग्णालये आणि वृद्धांच्या संस्था येथील विनामूल्य कार्यक्रमांसाठी वादकांना मानधन देण्यात येऊ लागले. ज्येष्ठांच्या केंद्रांतील एकट्या वादकाचे कार्यक्रमही त्यात आले. ज्या यंत्राने वादकाला सभागृहातून हुसकावले, त्याच्याच मिळकतीतून तो सभागृहात न येऊ शकणाऱ्यांकडे गेला. ब्रिटनमध्ये व्हायोलिनवादक यहूदी मेन्यूइन (१९१६–९९) याने इयन स्टुट्सकर याच्यासह १९७७ मध्ये ‘लाइव्ह म्यूझिक नाऊ’ ही संस्था स्थापिली. तीत कारकिर्दीच्या आरंभी असलेले तरुण वादक निवडून त्यांना अशा श्रोत्यांपुढे वाजविण्याचे शिक्षण व मानधन दिले जाते. ही कला वेगळी शिकवावी लागते, या जाणिवेचे श्रेय मेन्यूइनच्या योजनेस बऱ्याच अंशी द्यावे लागेल.

२०२० मधील कोविड-१९ च्या साथीत वृद्धांची निवासस्थाने बाहेरच्यांना बंद झाली आणि तोंडाने फुंकावयाची वाद्ये विशेष संशयास्पद ठरली. त्या काळात अनेक वादकांनी इमारतीच्या आवारात उभे राहून खिडक्यांतील आणि सज्जांतील रहिवाशांसाठी वादन केले. हार्प किंवा बासरी तेथे ऐकू गेली नसती. ट्रंपेटला मात्र म्यूट काढून आपल्या मूळ स्वभावाने वाजण्याची मुभा मिळाली.

भारतातील स्थिती : गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपीचे शिक्षण मिळे. त्यामुळे तेथील वादक विसाव्या शतकात मुंबईची नृत्यगृहे व चित्रपटसृष्टी यांत मोठ्या संख्येने आले. ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध असलेला आंतोनियो झेवियर वाझ (१९१६–६७) हा हळदोणे येथील वादक आर्मस्ट्राँगच्या शैलीसाठी गाजला. त्याने संगीतकार सी. रामचंद्र यांना चित्रपटसंगीतात साहाय्य केले. अलबेला (१९५१) या चित्रपटात त्याचे वादकपथक पडद्यावरही दिसते. फ्रँक फर्नांड (१९१९–२००७) हे ट्रंपेटवादनाबरोबरच कोकणी चित्रपटांच्या निर्मितीसाठी ओळखले जातात. महाराष्ट्रातील आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या पिढीने ट्रंपेट ऐकले ते एक तर या चित्रपटगीतांतून, नाही तर लग्नाच्या वरातीतील बँडमधून. दुसऱ्या स्मृतीत गोडव्यापेक्षा गोंगाटच अधिक असल्याने ज्येष्ठ नागरिक संघांच्या वा विरंगुळा केंद्रांच्या कार्यक्रमांत बासरी, संवादिनी किंवा माउथ ऑर्गन यांना मिळणारे स्थान या वाद्याला क्वचितच मिळते. तांत्रिक अडचणही आहे. भावगीत व नाट्यसंगीत यांतील मींड झडपांच्या वाद्यावर सहज येत नाही. झडप अर्धवट दाबून आणि ओठांच्या ताणाने स्वर वाकवून तिचा आभास निर्माण करावा लागतो व तोही हळू आवाजात साधणे कठीण असते. त्यामानाने १९५० ते १९७० या काळातील लयप्रधान हिंदी चित्रपटगीते ट्रंपेटवर चांगली उतरतात. त्यांपैकी कित्येकांच्या मूळ ध्वनिमुद्रणातच हे वाद्य असल्यामुळे, त्यांच्या आरंभीच्या चार-सहा स्वरांवरूनच वृद्ध श्रोते गाणे ओळखतात.